भावोजींचे तीन दात

तोंड हा अवयव परमेश्वराने ज्या ज्या कामांसाठी दिला आहे ती सगळी कामं आमचे भावोजी त्याच्याकडून करून घेत, आणि ज्या कामांसाठी तो दिलेला नाही तीही. बोलणं आणि जेवणं ही कामं सगळेच करतात. पण सुतळीची गाठ सोडवणं, दोरा तोडणं, औषधाच्या बाटलीचं घट्ट बसलेलं झाकण काढणं, अख्खी सुपारी फोडणं, यांतल्या कशालाही भावोजींनी कधी कात्री-अडकित्ता हातात धरल्याचं मला आठवत नाही. मुलुंडच्या त्यांच्या घरात ते भिंतीवर तसबिरी लावत तेव्हा चार खिळे ओठांत धरून स्टुलावर उभे राहत आणि तशाच अवस्थेत, खाली हातोडी घेऊन उभ्या असलेल्या मला, तूरडाळ कुठल्या दुकानातली घ्यावी हे समजावून सांगत. खिळे हलायचे, पण पडायचे नाहीत. तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून ते खाली भाजीवाल्याला शीळ घालत. एक शीळ म्हणजे कोथिंबीर आणि दोन म्हणजे लिंबं, हे त्या भाजीवाल्याला पाठ होतं. भावोजी आठ दिवस गावाला गेले की तो बिचारा जाताना वर बघत जायचा.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मुलुंडमधल्याच एका लहानशा कारखान्यात ते स्टोअरकीपर होते. ताई माझ्याहून बारा वर्षांनी मोठी, आणि तिला मूलबाळ नसल्यामुळे मी सावंतवाडीहून नोकरीसाठी मुंबईत आलो तेव्हा माझी वळकटी सरळ त्यांच्याच घरात उघडली गेली. लग्न होऊन घाटकोपरला बिऱ्हाड करेपर्यंत मी तिथेच होतो. त्यामुळे भावोजींना जेवताना मी किती वेळा पाहिलं असेल याची मोजदाद नाही. ते चावत नसत. चावणं हे गुरांचं काम आहे, माणसाला देवाने घसा दिलाय, असं त्यांचं मत होतं. बांगडा एका बाजूने तोंडात जायचा आणि दुसऱ्या बाजूने त्याचा सांगाडा, फणीसारखा स्वच्छ, ताटाच्या कडेला येऊन पडायचा. मधल्या काळात त्यांचं बोलणं चालूच असायचं. कुणाकडेही जेवायला गेले की हात धुतल्यावर पहिल्यांदा स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभे राहत आणि करणाऱ्या बाईला सांगत, "वहिनी, आमटी फार झकास झाली होती. आंबट आणि गोड यांचं भांडण तुम्ही मिटवलंत." ती बाई पुढे आठ दिवस तशीच आमटी करायची आणि घरातली माणसं वैतागायची.

आणि त्यांचे दात. भावोजींचे दात खरोखरच देखणे होते, पांढरेशुभ्र आणि एका ओळीत बसलेले. पण त्यांना नुसते देखणे दात पुरत नव्हते, त्या दातांना एक इतिहास होता. ते आमच्या घरी ताईला बघायला आले तेव्हा पाहुणे गेल्यावर वडिलांनी ताईला विचारलं, "मुलगा कसा वाटला?" ताई म्हणाली, "दात छान आहेत." घरात हशा पिकला. आमच्या एका आत्याने हे वाक्य तत्परतेने मुलाकडच्यांना पोचवलं. तेव्हापासून ते वाक्य भावोजींनी छातीवर पदक लावावं तसं वागवलं. दुसऱ्यांच्या लग्नात, मुंजीत, बारशाला, कुठेही ओळख नसलेला माणूस भेटला की पाचव्या मिनिटाला त्याला कळायचं की या गृहस्थांचं लग्न दातांवर जमलं. रोज सकाळी ते गॅलरीत उभे राहून काळं मंजन घेऊन वीस-वीस मिनिटं दात घासत, आणि समोरच्या इमारतीतले लोक त्यावरून पाणी जायची वेळ ओळखत.

या दातांपैकी तीन दात गोराईला गेले. त्यांच्या कारखान्याची सहल होती आणि मीही बरोबर गेलो होतो. होडीतून उतरून नारळीच्या सावलीत जेवणं झाली, सोड्याच्या बाटल्या निघाल्या आणि त्या उघडायची चावी कुणी आणली नव्हती. भावोजी म्हणाले, "चावी कशाला पायजे?" पाच बाटल्या त्यांनी दाताने उघडल्या, लोकांनी टाळ्या वाजवल्या. सहाव्या बाटलीला काहीतरी तुटल्याचा आवाज झाला. भावोजींनी तोंड मिटलं. पुढचा पाव तास त्यांनी एक शब्दही उच्चारला नाही, तेव्हाच प्रकरण गंभीर असल्याचं माझ्या लक्षात आलं. परतताना होडीत, तोंडावरचा रक्ताचा रुमाल बाजूला करून ते पहिलं वाक्य बोलले. पुढचे दात गेल्यामुळे त्यांचा त गळून गेला होता. "थुझ्या थाईला याथलं काही कळथा कामा नये."

ताई तेव्हा आईच्या आजारपणासाठी सावंतवाडीला होती, दीड महिना. तेवढ्या काळात मुलुंडच्या एका दातांच्या डॉक्टरने तुटलेल्या दातांची मुळं काढली आणि एक छोटी कवळी करून दिली. टाळूला चिकटणारं गुलाबी प्लास्टिकचं एक पान, त्यावर तीन दात, आणि शेजारच्या खऱ्या दातांना धरून राहायला दोन्हीकडे तारेचे आकडे. डॉक्टर म्हणाले, "रात्री काढून पाण्यात ठेवायची. आणि वर्षाकाठी दाखवायला या, हिरडी आक्रसते, मग ही सैल पडते." भावोजी हे सगळं शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाला सांगितल्यासारखं ऐकत होते. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना त्यांनी मला थांबवलं आणि आईची शपथ घ्यायला लावली. मी हसत हसत घेतली. ताई परत आली तेव्हा त्यांनी दारात इतकं रुंद हसून तिचं स्वागत केलं की ती म्हणाली, "काय झालंय? पगार वाढला की काय?"

पुढची नऊ वर्षं ती कवळी रात्री कधी बाहेर निघाली नाही. सकाळी मोरीचं दार लावून, नळ मोठा सोडून ते ती धूत. "ह्यांना अर्धा अर्धा तास आत लागतो काय कोण जाणे," एवढीच ताईची तक्रार. ताईने सवयीने दोरा तोडायला पुढे केला की म्हणत, "वय झालं आता, माणसाने सभ्य व्हावं," आणि कात्री शोधायला जात. शिळेला मात्र कवळीची सवय झाली आणि भाजीवाल्याचा धंदा पुन्हा सुरळीत झाला. शेवटच्या दोन-तीन वर्षांत कवळी खरोखरच सैल पडली. बोलता बोलता ती खाली यायची आणि जिभेने वर दाबताना "च्" असा आवाज व्हायचा. तो लपवायला भावोजी लगेच मान हलवून नापसंतीचा चेहरा करायचे. त्यामुळे ओळखीच्यांत असा समज पसरला की भावोजी हल्ली फार चिकित्सक झालेत, कशालाच बरं म्हणत नाहीत. मी एकदा म्हणालो, "भावोजी, ती नवी करून घ्या आता." ते म्हणाले, "अरे, नवी करायची तर पंधरा दिवस ही काढून ठेवावी लागणार. तेवढे दिवस तुझ्या ताईला कुठे पाठवू?"

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. एका रविवारी दुपारी मी मुलुंडला जेवायला गेलो होतो. बायको तिच्या आईकडे गेली होती. सुरमईचं कालवण होतं. भावोजी त्यांच्या मॅनेजरने कारखान्यात मांजर पाळल्याची हकिकत सांगत होते, आणि मांजराचं नाव सांगायच्या आधीच थांबले. त्यांचा हात घशाकडे गेला. डोळ्यांत पाणी आलं. "काटा," असं काहीसं ते म्हणाले आणि त्यांनी खांद्यावरचा पंचा तोंडाला लावला. ताई घाबरणारी नव्हती. ती कोकणातली, काट्यांचा तिला पिढीजात अनुभव. तिने कोरड्या भाताचे मोठे गोळे केले, "न चावता गिळा," म्हणाली. ते त्यांनी भिंतीकडे तोंड करून गिळले. मग केळं आणलं, तेही गिळलं. प्रत्येक घासाला त्यांचा चेहरा पिळवटत होता. पंच्याच्या वरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मला कळलं.

ताई पाणी आणायला आत गेली तेव्हा मी त्यांना गॅलरीत नेलं. "कवळी?" मी विचारलं. त्यांनी होकारार्थी मान हलवली. "ताईला सांगू या?" यावर माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी मोठ्या असलेल्या त्या माणसाने मला हात जोडले. कसाबसा आवाज काढून म्हणाले, "खाली जाईल रे. उद्यापर्यंथ पडेल बाहेर. आपण दुसरी करून घेऊ. थेवढं सांभाळ."

मी सांभाळलं. संध्याकाळी त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांनी, ताईला बाहेर थांबवून, घसा पाहिला. माशाचा काटाच ना, असं त्यांनी विचारलं आणि भावोजींनी हो म्हटलं. काटा गेला तरी ओरखडा राहतो, तो दोन दिवस दुखतो, असं डॉक्टर म्हणाले, आणि त्यांना जे सांगितलं गेलं होतं त्यावर ते बरोबरच होतं. सोमवारी मानेचा एक्स-रे झाला, त्यात काही नव्हतं. असणार कसं, कवळी तोवर मानेच्या खाली छातीत उतरली होती. सोमवारी संध्याकाळी ऑफिसमधून मी तिकडे गेलो तर भावोजी भिंतीला टेकून बसले होते. तोंडाला तोच पंचा. थुंकीसुद्धा गिळवत नव्हती. दुखणं आता घशातून पाठीत, दोन खांद्यांच्या मध्ये गेलं होतं. मी त्यांच्या कानाशी म्हणालो, "आता बास झालं. सांगतो मी." त्यांनी माझं मनगट धरलं आणि नकारार्थी मान हलवली. मी म्हणालो, "बरं, उद्या सकाळी." आणि मी घरी गेलो. मी घरी गेलो, या वाक्याला पुढे-मागे काही जोडून ते बरं दिसेल का, हे मी इतकी वर्षं करून पाहतो आहे.

मंगळवारी सकाळी शेजाऱ्यांच्या फोनवरून ताईचा फोन आला. भावोजींना सणसणून ताप होता. मान सुजून जबड्याच्या रेषेत आली होती, आणि ताई म्हणाली, "हात लावला की कातडीखाली पापड चुरल्यासारखं वाजतंय रे." आम्ही त्यांना टॅक्सीत घालून शहरातल्या मोठ्या इस्पितळात नेलं.

तिथल्या सर्जन एक बाई होत्या. बुटक्या, पायात रबरी सपाता, बोलणं तोडून टाकल्यासारखं. त्यांनी छातीचा एक्स-रे काढायला लावला, तो खिडकीच्या उजेडाला धरला आणि आम्हाला व्हरांड्यात बोलावलं. "अन्ननलिकेला भोक पडलंय. हवा आणि पू बाहेर पसरलाय. आणि इथे मला तारेचे दोन आकडे दिसतायत. हे कवळी वापरत होते का?"

"नाही," ताई म्हणाली. "त्यांचे सगळे दात स्वतःचे आहेत." आणि तशा वेळीही तिच्या आवाजात थोडा अभिमान होता.

"होती," मी म्हणालो. "तीन दातांची. नऊ वर्षं."

ताईने माझ्याकडे पाहिलं. सर्जन बाईंनी आमच्या दोघांकडे एकदा पाहून घेतलं आणि विचारलं, "कधी गिळली?" मी म्हणालो, "रविवारी, जेवताना." "तुम्हाला तेव्हाच माहीत होतं?" मी हो म्हटलं. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि त्या आत गेल्या.

त्या दुपारी काय काय झालं ते नंतर त्यांनी एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर चित्र काढून आम्हाला समजावलं. आधी भूल देऊन तोंडातून सरळ लोखंडी दुर्बीण घातली. कवळी दिसली, पण एक आकडा नळीच्या भिंतीत आरपार रुतला होता आणि शेजारीच शरीरातली सर्वांत मोठी रक्तवाहिनी. ओढली असती तर टेबलावरच संपलं असतं. म्हणून उजव्या बाजूने, फासळ्यांमधून छाती उघडली, नळी बाहेरून कापून कवळी काढली, पू धुऊन काढला. "मग शिवलं?" ताईने विचारलं. "शिवायला काही राहिलं नव्हतं," सर्जन बाई म्हणाल्या. "दोन दिवसांत ती भिंत भिजलेल्या कागदासारखी झाली होती. टाका धरेना." म्हणून अन्ननलिकेचं वरचं टोक त्यांनी मानेवर डाव्या बाजूला बाहेर काढून ठेवलं, म्हणजे थुंकी तिथून पिशवीत यावी आणि छातीत उतरू नये. खालचं टोक बंद केलं. पोटाला भोक पाडून जठरात एक रबरी नळी घातली. जेवण तिथून. "आता आधी जगू देत. सात-आठ महिन्यांनी अंगात ताकद आली की नवा रस्ता करू."

ताई पेशंटकडे गेल्यावर मी त्यांना एकटं गाठून विचारलं, "रविवारीच आणलं असतं तर?" त्या हात पुसत थांबल्या. "पहिल्या काही तासांत आला असतात तर कदाचित दुर्बिणीतूनच निघाली असती. कदाचित. तो भाताचा गोळा गिळला तेव्हाच भोक पडलं असेल, तर तेही नाही. मला माहीत नाही, आणि तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी काहीतरी ठोकून देणार नाही."

भावोजी सव्वा महिन्याने घरी आले. अर्धे झाले होते. ताई माझ्याशी कामापुरतं बोलू लागली होती. मिक्सर इकडे दे. गाळणं धर. मी रोज संध्याकाळी जात असे. दर तीन तासांनी डाळ, भात, दूध, अंडं असं काहीतरी मिक्सरमधून काढून, मलमलीतून गाळून, फनेलने त्या नळीत सोडायचं. भावोजींनी त्या नळीचं नाव खालचं तोंड असं ठेवलं होतं. "खालच्या तोंडाला आज काय?" असं ते सकाळीच विचारत. जिभेचा तिथे संबंध नव्हता, तरी वरणाला फोडणी हवीच असा त्यांचा आग्रह. ताई म्हणाली, "अहो, चव कुठे लागणार आहे?" तर म्हणाले, "वास लागतो ना. आणि पोटाला काय वाटेल, आपल्याला फसवतायत म्हणून." बोलताना मानेवरच्या पट्टीवर तळहात दाबून धरावा लागायचा, तसे ते बोलत. पुढचे तीन दात नव्हतेच, पण जीभ आता त म्हणायला शिकली होती. नवी कवळी करायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

मग त्यांनी शोध लावला की तोंडात घास घालून चावायला हरकत नाही. गिळला तर तो मानेवरच्या पिशवीत येणार, म्हणून चावून थुंकायचा. सर्जन बाईंनी परवानगी दिली. ज्या माणसाने जन्मभर चावलं नव्हतं तो आता उरलेल्या दातांनी, डोळे मिटून, एकेक घास पाच पाच मिनिटं चावू लागला. एकदा मला म्हणाले, "तीस-पस्तीस वर्षं मी मासे नुसते खाली ढकलत होतो रे. हलवा आणि पापलेट यांत फरक असतो. मला कुणी सांगितलं नाही." सोसायटीत सत्यनारायणाची पूजा होती. भावोजी हट्टाने पंगतीला बसले. पट्टीवर स्वच्छ उपरणं गुंडाळलं, शेजारी झाकणाचा डबा ठेवला. ताट पूर्ण वाढून घेतलं. सुरुवातीला आजूबाजूची माणसं ताटात बघून जेवत होती. भावोजींनी मसालेभात चावला, डबा तोंडाशी नेला, तोंड पुसलं आणि मानेवर हात दाबून वाढणाऱ्या बाईंना म्हणाले, "वहिनी, मसालेभातात गोडा मसाला ताजा आहे. दोन दिवसांपूर्वीचा." त्या बाई म्हणाल्या, "परवाच केला," आणि पदराने डोळे पुसत आत निघून गेल्या. पंगत मग बोलू लागली.

याच दिवसांत एका संध्याकाळी, भावोजींना डुलकी लागली असताना, मिक्सरचं भांडं धुता धुता ताईने मला पहिल्यांदा सरळ विचारलं. "दातांचं एवढं काय होतं? पडले तर पडले. मी काय टाकून दिलं असतं?"

मी म्हणालो, "तूच म्हणाली होतीस ना. बघायला आले तेव्हा. दात छान आहेत म्हणून."

"ते हे सगळ्यांना सांगत फिरतात ते? मला वाटायचं ह्यांनीच रचलंय." तिने नळ बंद केला. "मी खरंच असं म्हणाले होते?"

"म्हणाली होतीस. मी तिथे होतो."

"मला काही आठवत नाही," ताई म्हणाली. मग भांडं पालथं घालताना, "मला कळलं असतं तर मी हसले असते थोडी. दोन दिवस चिडवलं असतं. आणि रोज रात्री काढून वाटीत ठेवायला लावली असती." त्यानंतर ती पुन्हा कामापुरतं बोलण्यावर गेली.

नवव्या महिन्यात दुसरं ऑपरेशन ठरलं. सर्जन बाईंनी पुन्हा पाकिटावर चित्र काढलं. मोठ्या आतड्याचा एक लांब तुकडा, त्याच्या रक्तवाहिनीसकट, वर आणायचा, छातीच्या हाडामागून मानेपर्यंत न्यायचा, वरचं टोक मानेतल्या अन्ननलिकेला आणि खालचं जठराला जोडायचं. भावोजींनी चित्र नीट पाहिलं. "म्हणजे जो रस्ता शेवटी लागायचा तो सुरुवातीलाच," असं म्हणाले. सर्जन बाई हसल्या. मी त्यांना हसताना तेवढंच पाहिलं. मग गंभीर होऊन म्हणाल्या, "ऑपरेशन मोठं आहे. छाती आधीच एकदा उघडलीय, एक फुप्फुस पुरतं फुलत नाही. नळीवर राहायचं म्हटलंत तर वर्षानुवर्षं राहता येईल. घाई नाही." भावोजींनी ताईकडे पाहिलं. "तिला दर तीन तासांनी उठावं लागतं," ते म्हणाले. "रस्ता करा."

ऑपरेशनला सगळा दिवस लागला, आणि ते चांगलं झालं. आठव्या दिवशी त्यांना निळ्या औषधाचं पाणी प्यायला दिलं. जोड गळत असेल तर मानेतल्या पट्टीवर निळं दिसलं असतं. भावोजींनी एक घोट घेतला आणि गिळला. आम्ही सगळे पट्टीकडे बघत होतो, पट्टी कोरडी राहिली. "गेलं," ते म्हणाले. त्यांची जीभ निळी झाली होती. "खाली गेलं रे. गार लागत गेलं." पुढचे चार दिवस त्यांनी चमच्याने चहा घेतला, पेज घेतली, शेवटच्या दिवशी मऊ भात आणि मेतकूट. ताई भरवत होती. ते प्रत्येक चमचा चावत होते, पेजसुद्धा.

पाचव्या दिवशी ताप आला. त्या अशक्त फुप्फुसात न्यूमोनिया झाला होता. औषधं बदलली, ऑक्सिजन लावला, आणि सहाव्या दिवशी सकाळी साडेदहाच्या सुमाराला भावोजी गेले. सर्जन बाई बाहेर येऊन बाकावर ताईच्या शेजारी बसल्या. मग म्हणाल्या, "जोड शाबूत होता हो. आतलं सगळं चांगलं धरलं होतं." ताईने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्या दोघींमध्ये मला जागा नव्हती, म्हणून मी जिन्यापाशी उभा राहिलो.

पहिल्या वर्षी सण नव्हतेच. दुसऱ्या वर्षी भाऊबीजेचं बोलावणं आलं नाही. माझी बायको म्हणाली, बोलावण्याची वाट काय बघताय, जा. मी मुलुंडला गेलो. ताईने दार उघडलं, पाट मांडला, ओवाळलं. ओवाळून झाल्यावर तबक हातात तसंच धरून ती समोर बसली आणि म्हणाली, "आणखी काही लपवलं असशील माझ्यापासून तर आज सांगून टाक. मग पुन्हा विचारणार नाही."

मी विचार केला. एक गोष्ट होती. ती मी कुणाला सांगितली नव्हती, बायकोलाही नाही. दुसऱ्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी ताई औषधं आणायला खाली गेली होती, तेव्हा भावोजींनी मला जवळ बोलावलं होतं. ते मी तिला सांगितलं. "ते म्हणाले, मला फार भीती वाटते रे. हात बघ, गार पडलेत. आणि म्हणाले, तुझ्या ताईला सांगू नकोस, ती धीर सोडेल."

ताई निरांजनाच्या ज्योतीकडे बघत राहिली.

"त्याच दिवशी तू फळं आणायला गेला होतास," ती म्हणाली. "तेव्हा मलाही म्हणाले. भीती वाटते. आणि म्हणाले, त्याला सांगू नकोस. पोरगा आधीच खचलाय."

तिने तबक खाली ठेवलं. खाली कुणाच्या तरी घरी पाहुणे आले होते, त्यांच्या हसण्याचा आवाज वर येत होता. मग ताईने डोळे पुसले, माझ्या ताटात करंजी वाढली, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्या बायकोची, ऑफिसची, घाटकोपरच्या पाण्याची चौकशी करू लागली.